अण्णांनी माडीला फरशी घातली

अण्णा सकाळचा चहा पिऊन माडीवर आले आणि टाचेनं जमीन ठोकू लागले. मी अंथरूण गुंडाळत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, भिंतीच्या कडेनं दोन पावलं जायचे, टाच आपटायचे, मान वाकडी करून ऐकायचे, परत दोन पावलं. सगळा जन्म मिलच्या सुतारखात्यात गेलेला माणूस. रिटायर होऊन वर्ष होत आलं होतं, पण हात आणि कान अजून कामावरच होते.

"हितं पोकळ लागतंय," ते म्हणाले.

"काय बघताय अण्णा?"

"फरशी घालायची म्हनतोय माडीला. शहाबादी."

मी अंथरूण छातीशी धरून तशीच उभी राहिले.

आमचं घर सोलापुरात, एका अरुंद गल्लीत. खाली ओसरी आणि दोन खोल्या, वर एकच माडी. माडीची जमीन लाकडाच्या सांगाड्यावर होती: या भिंतीतून त्या भिंतीत गेलेल्या तुळया, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर वीतभर मुरूम-माती आणि वर शेणाचं सारवण. माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, दुसरी बायको केली तेव्हापासून मी त्या माडीवर राहत होते. मला मूल झालं नाही, एवढंच कारण. त्यांची वस्ती नातेपुत्याच्या पुढं. ऊस, केळी, विहिरीवर इंजिन. तिथून मला कुणी हाकललं नाही. चार दिवस माहेरी जाऊन ये म्हणाले, मी आले, आणि न्यायला कुणी आलं नाही.

त्या चार दिवसांची दोन-अडीच वर्षं झाली तरी आम्ही सगळे ते चार दिवसच असल्यासारखं वागत होतो. माझी लुगडी पेटीतच घडी करून ठेवलेली असायची. कोनाड्यात माझी फणीसुद्धा नसायची. शेजारणीनं विचारलं की आई म्हणायची, "आलीया जरा. तब्येत बरी न्हवती." दर आठ दिवसांनी मी माडी सारवायचे, ती वाळेपर्यंत ओसरीवर बसायचे, आणि मनात यायचं की पुढच्या खेपेला सारवायला मी नसेन. सारवलेली जमीन आठ दिवसांची असते. फरशी कोण कुणासाठी घालतं?

"मला न्हाय पायजे फरशी," मी म्हणाले.

"सारवून सारवून गुडघं गेलं की तुझं."

"गेलं तर गेलं. मी काय जन्मभर ऱ्हाणार हाय हितं?"

अण्णांनी आणखी एकदा टाच आपटली, ऐकलं आणि जिना उतरून गेले.

आई त्यांच्याशी भांडली. आई कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशी चढवला. "फरशी घातली म्हंजी लेक घरात बसवली, असं म्हनंल सगळी गल्ली. तिकडं कानावर गेलं तर? न्यायचं मनात असंल तरी न्हेणार न्हाईत."

"माडी हलतीया," अण्णा म्हणाले. "लाकडं बघायलाच पायजेत."

हे खरं होतं. वर कुणी चाललं की खाली मांडणीवरची झाकणं वाजायची. माझा धाकटा भाऊ शाळेत मास्तर होता, त्याच्या लग्नाचं बघायचं चाललं होतं. तो म्हणाला, घर जरा नीट दिसलं तर बरंच की. मग आई गप्प बसली. मला कुणी पुन्हा विचारलं नाही.

पहिल्यांदा माती काढली. अण्णा कुदळीनं हळूहळू खणायचे, मी घमेलं भरायचे, भाऊ शाळेला जायच्या आधी आणि आल्यावर ती खाली नेऊन परड्यात टाकायचा. सारवणाचे थर पापुद्र्यासारखे सुटत होते. किती बायकांच्या हातचे असतील! आजीच्या, आईच्या, वरचे सगळे माझे. खालची माती कोरडी, पिठासारखी. नाकातोंडात जायची. दोन दिवसांत माझे केस पांढरे दिसायला लागले. आई खालून वर बघून म्हणाली, "म्हातारी झालीस बघ." आणि मग स्वतःच तोंड फिरवलं.

माती गेल्यावर अण्णांनी फळ्या उचकटल्या. तेव्हा माडीवरून सरळ खालची खोली दिसायला लागली. आई चुलीपुढं बसलेली, तिच्या डोक्याचा भांग, परातीतलं पीठ. आम्ही तुळयांवर पाय देऊन वावरत होतो. अण्णा एकेका तुळईवर पटाशी टोचत भिंतीपर्यंत जायचे. लाकूड चांगलं असलं की पटाशी थोडी आत जाऊन थांबायची. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीत गेलेल्या एका टोकाशी त्यांनी पटाशी टेकवली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर ओढली तर तिच्याबरोबर भुसा आला, आणि भुशात पांढरी वाळवी वळवळत होती. शेजारच्या तुळईचंही तेच.

अण्णा आडव्या फळीवर खाली बसले. त्या भोकाकडे बघत राहिले.

"माझ्या घरात," ते म्हणाले. "सुताराच्या घरात. आन् तू हिच्यावर निजत होतीस."

मला त्यांची दया आली, पण खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटलं. आता काम लांबेल. लांबेल तेवढं बरं.

खालच्या खोलीत टेकू लावले. चूल ओसरीवर आली, माझी पेटीही ओसरीवर आली. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर माझी पेटी. पाडलेल्या एका घराचं सागवान मिळालं, ते अण्णा आणि भाऊ हातगाडीवर घालून घेऊन आले. अण्णांनी काय करायचं ते मनात पक्कं केलं होतं. पोखरलेली टोकं कापून टाकायची, प्रत्येक तुळईच्या कुशीला दुसरी तुळई लावून बोल्टानं आवळायची, दोन तुळयांमध्ये ठोकळे मारायचे, सगळ्याला डांबर फासायचं, आणि वर फळ्यांचे दोन थर, एक उभा, एक आडवा.

"एवढं कशाला?" भाऊ म्हणाला. "माती तर एवढी वर्षं राहिली की."

"माती हलली तर सारवून घ्येता येतं. फरशीला हललेलं चालत न्हाई. खालचं लाकूड सुतभर वाकलं तरी वर सांध्यात चीर पडती."

हे सगळं निम्म्यावर आलेलं असताना माझे मालक आले.

इंजिनचा काहीतरी भाग घ्यायला सोलापूरला आले होते. दुपारची वेळ. मी अंगभर डांबराचे डाग घेऊन ओसरीवर बसले होते, आणि ते दारात उभे. हातात तेलकट कागदातला लोखंडाचा तुकडा. आईनं धावत जाऊन पाय धुवायला पाणी दिलं. बसायला जागा नव्हती, रचून ठेवलेल्या सागवानावर ते बसले. वर बघितलं. माडीच्या जागी नुसत्या तुळया आणि त्यांच्यामधून कौलांचा उजेड.

"घर पाडताय काय?" त्यांनी विचारलं.

"दुरुस्ती," अण्णा वरूनच म्हणाले. खाली उतरले नाहीत.

आईनं चहा केला. त्यांनी बशीत ओतून घेतला, फुंकून प्याले आणि बशीकडे बघत बोलले, "तिचं दिवस भरत आल्यात. आईच्या डोळ्यांना आता दिसंना झालंय. घरात करायला बाईमाणूस न्हाई. हिला पाठवा म्हनतोय."

आईनं त्यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. तिचे डोळे भरून आले, तिनं देवाकडे बघून हात जोडले. अण्णा वर पटाशी घेऊन उभे होते.

"किती दिसांसाठी?" त्यांनी विचारलं.

"बघू की."

कुणाचं बाळंतपण करायला मला बोलावलंय ते मला कळत होतं. मी काही खुळी नव्हते. पण त्या घरात पाय टेकायला मिळणार होता. एकदा टेकला की तो काढायचा नाही, मी भांडी घासेन, गोठ्यात झोपेन, असं मी त्या एका क्षणात ठरवूनसुद्धा टाकलं. मी उठले, रॉकेलनं हाताचं डांबर पुसलं आणि म्हणाले, "येते मी."

मला आठवतं, मी हसत होते. गाल दुखेपर्यंत.

अण्णांनी पेटी उचलून एसटी स्टँडपर्यंत आणली. मालक पुढं चालत होते. गाडीत बसल्यावर अण्णा खिडकीशी आले.

"फळ्या घालून ठिवतो," ते म्हणाले.

"नका अण्णा. कशाला आता? भावाच्या लग्नाला लागंल तेवढं बघा. मी आता येत न्हाय."

"बरं," अण्णा म्हणाले.

तिकडचं फार सांगण्यासारखं नाही. सवत माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, घाबरलेली पोर होती. मला ताई म्हणायची. कळा सुरू झाल्या तेव्हा माझा दंड तिनं असा धरला की नखं रुतली. मुलगा झाला. त्याला पहिली अंघोळ मी घातली. रोज तेल लावायचे, शेक द्यायचे, पायांवर पालथा घालून पाठ चोळायचे. तिला दूध कमी होतं, पोर रडायचं, आणि मी खांद्यावर घेतलं की गप्प व्हायचं. त्याचं डोकं माझ्या मानेपाशी कुठं टेकायचं ती जागा अजूनही मला सांगता येईल. ते दिवस मी सुखात होते. मालक माझ्याशी कामापुरतं बोलायचे, त्याचंही मला काही वाटत नव्हतं.

मग पोराला ताप आला. उतरला, परत आला. सासूला दिसत नव्हतं, पण पोर कुणाच्या खांद्यावर आहे ते तिला कळायचं. एक दिवस ती भिंतीला धरत धरत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काढून घ्या तिच्याकडनं. वांझंचा जीव अडाकलाय त्येच्यात. पोर जाईल माजं."

सवतीनं खाली मान घालून माझ्यासमोर हात पसरले. मी पोर तिच्या हातात दिलं. ते रडायला लागलं, आणि मी आत जाऊन भाकरीच्या पिठाच्या डब्याला धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मालकांनीच मला गाडीत बसवलं. "पोराला बरं वाटूस्तोवर जा," म्हणाले. माळशिरस आलं, गाडी थांबली, बाया चढल्या-उतरल्या. एकीनं विचारलं, कुठं निघालात? मी सांगितलं, माहेरी. ती म्हणाली, छान की, सणाला का? मी मान हलवली.

घरी पोचले तर आई दारातच होती. माझी पेटी बघून तिनं तोंडावर पदर घेतला. टेकू गेले होते, चूल आत गेली होती. मी सरळ जिना चढले.

माडी तयार होती. तुळयांना जोड दिलेले होते, ठोकळे मारलेले, फळ्यांचे दोन्ही थर खिळ्यांनी आवळलेले. भिंतीच्या कडेला शहाबादीचे तुकडे उभे करून ठेवले होते. कोपऱ्यात विटांचा चुरा आणि चुन्याची पोती. फक्त फरशी बसवायची राहिली होती. मी नको म्हणून गेल्यावर अण्णांनी एक दिवससुद्धा काम थांबवलं नव्हतं.

ते माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"तुमाला ठावं हुतं," मी म्हणाले. आवाज मला आवरला नाही, खालपर्यंत गेला असेल. "मी परत येणार हे तुमाला ठावं हुतं! मग जाऊ कशाला दिलं मला? का न्हाई अडवलं?"

अण्णा फळ्यांकडे बघत होते.

"तू हसलीस की त्या दिवशी," ते म्हणाले. "दोन-अडीच वर्षांत पहिल्यांदा हसलीस. मी कोणत्या तोंडानं म्हनू, जाऊ नगं?"

मी त्या फळ्यांवर बसले. रडूसुद्धा येईना. अण्णा खाली गेले आणि परातभर पाणी घेऊन आले. मला वाटलं, मला तोंड धुवायला. त्यांनी परात माडीच्या मधोमध ठेवली आणि भावाला हाक मारून म्हणाले, "चाल रं हिकडनं तिकडं. पाय आपटून चाल." भाऊ माझ्याकडे बघत, लाजत चालला. अण्णा उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. पाणी हललं नाही. त्यांनी मान डोलावली. त्यांना दुसरं काय येत होतं? माणसं जवळ घ्यायची, चार शब्द बोलायचे, हे त्या माणसाला कधी जमलं नाही.

फरशी बसवायला ओळखीतला गवंडी आला. मी नको-नको म्हणायचं सोडून दिलं होतं. फळ्यांवर पाणी मारायचं, चुना आणि विटांचा चुरा कालवून द्यायचा, घमेलं पुढं सरकवायचं, सांगतील ते करत होते. गवंडी फरशी टेकवायचा, लाकडी ठोकळ्यानं हळू ठोकायचा, अण्णा दोरी धरायचे. दाराकडची शेवटची फरशी बसायची राहिली होती. गवंडी तंबाखू मळायला जिन्यात गेला. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अण्णा, टिकंल का ही?"

"न टिकायला काय झालं?" ते अभिमानानं म्हणाले. "तुज्या जन्माला पुरंल."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. दोरीचं टोक त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मी चुन्याचं घमेलं पुढं सरकवलं. गवंडी आला आणि त्यानं ती फरशी बसवली.

चुना वाळल्यावर मी पेटी वर नेली. लुगडी बाहेर काढून दोरीवर टाकली, फणी कोनाड्यात ठेवली. आई जिन्यात उभी राहून बघत होती.

त्याच वर्षी भावाच्या लग्नासाठी मुलीकडची माणसं घर बघायला आली. मुलीचे वडील आणि मामा. मी पोहे दिले. मामा जिना चढून वर गेले, खाली आले ते खूश होऊन. "माडी झकास आहे. फरशी नवी दिसते. नवराबायकोला स्वतंत्र खोली, आणखी काय पाहिजे?"

आईनं भावाकडे बघितलं. अण्णा सुपारी कातरत होते.

"तिथं मी ऱ्हाते," मी म्हणाले.

मामांनी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघितलं, मग अण्णांकडे. "म्हणजे? ह्या इथंच असतात?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "माजी लेक हाय. हितंच असती."

पोहे संपले, चहा झाला, माणसं नमस्कार करून गेली. त्यांच्याकडून होकार आला नाही. भाऊ मला एका शब्दानं बोलला नाही. आई बोलली. म्हणाली, "तेवढा वेळ आत बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" नंतर दोन-तीन स्थळं आली, तेव्हा पाहुणे ओसरीवर यायच्या आधीच मी वर जाऊन बसायचे. पूर्वी खालचं बोलणं वर यायचं. आता काही ऐकू येत नसे. किती वेळ झाला, माणसं गेली की आहेत, तेही कळत नसे. मी नुसती भिंतीला टेकून बसायचे आणि आईच्या हाकेची वाट बघायचे. एकदा ती हाक मारायची विसरली.

भावाचं लग्न ठरलं. मांडव घातला, पंगती बसल्या. मी वरणाचं पातेलं घेऊन वाढत होते. नव्या सुनेच्या मावशीनं मला न्याहाळलं आणि शेजारी उभ्या असलेल्या आईला विचारलं, "या नणंदबाई ना? कधी आल्यात माहेरपणाला?"

अण्णा चार पानं सोडून उभे होते. त्यांनी मान वळवली. आईनं माझ्याकडे बघितलं.

"परवाच आलीया," आई म्हणाली. "लग्नासाठी."

मावशींनी हसून पान पुढं केलं. मी त्यांना वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेले.